तो खेळलाच कसा?

पेनल्टी होती की नव्हती यावरची भांडणं मला मनापासून आवडतात. दोन्हीकडचे घसा फोडतात, कुणीतरी मोबाईलवर क्लिप काढतं, त्या एकाच क्लिपमध्ये दोघांनाही आपापलंच दिसतं, आणि चहा येईपर्यंत विषय गाडीच्या पंक्चरवर गेलेला असतो. पण "तो खेळलाच कसा?" हे भांडण, म्हणजे नियमानं बाहेर बसायला हवा तो खेळाडू उतरवला यावरचं, वेगळं. ते चहानं मिटत नाही. ते सामन्यानंतर सुरू होतं, आठवडे चालतं, त्यात कागद येतात, तारखा येतात, वकील येतात, आणि ज्यानं आयुष्यात घराचा करारही नीट वाचलेला नाही तो माणूस तुम्हाला स्पर्धेच्या नियमावलीतलं कलम तोंडपाठ म्हणून दाखवतो.

२०२५ हे साल आमच्याकडे असंच गेलं. आमच्याकडे म्हणजे मी, माझा मडगावचा मित्र आणि माझा मामेभाऊ. मित्र चर्चिल ब्रदर्सवाला, म्हणजे गोव्याच्या त्या फुटबॉल क्लबचा फॅन, घरातच तसं, वडील फातोर्ड्याला सामने बघायला न्यायचे, आणि २००९ आणि २०१३ ला चर्चिलनं आय-लीग ही देशातली फुटबॉल लीग जिंकली त्याच्या गोष्टी तो अजून काल घडल्यासारख्या सांगतो. मामेभाऊ कोल्हापूरचा, त्याचा काशीशी काडीचा संबंध नाही, विश्वनाथाचं दर्शनसुद्धा त्यानं घेतलेलं नाही. पण तो कोलकात्याच्या मोहन बागानवाला, आणि हबास नावाच्या स्पॅनिश कोचवर त्याची भक्ती, तर हबास इंटर काशी या क्लबकडे गेला म्हटल्यावर हा पण गेला. (आणि संघाचं नाव काशी असलं तरी घरचे सामने तेव्हा बंगालमध्ये कल्याणीला, म्हणजे काशीचे फॅन कोण आणि कुठले हा प्रश्न विचारायचाच नाही.)

झालं काय, तर १३ जानेवारीला आय-लीगमध्ये नामधारी एफसीनं इंटर काशीला २-० हरवलं. साधा सामना, कुणी फार लक्ष दिलं नाही. मग काशीनं तक्रार केली की नामधारीचा ब्राझिलियन खेळाडू क्लेडसन, ज्याला सगळे डे म्हणतात, तो पिवळ्या कार्डांमुळे निलंबित होता, त्या दिवशी तो खेळूच शकत नव्हता. भारतीय फुटबॉल फेडरेशनच्या शिस्तपालन समितीनं फेब्रुवारीत काशीच्या बाजूनं निकाल दिला, सामना ३-० काशीचा, तीन पॉइंट. नामधारी अपिलात गेली आणि मार्चमध्ये त्या निकालाला स्थगिती. आता गंमत बघा, लीग संपत आलेली आणि एका सामन्याचा निकाल हवेत लटकलेला. ६ एप्रिलला शेवटची फेरी. चर्चिलनं श्रीनगरला रियल काश्मीरशी १-१ बरोबरी केली, झाले ४० पॉइंट. काशीनं राजस्थान युनायटेडला ३-१ हरवलं, झाले ३९. आणि ते तीन पॉइंट मिळाले तर ४२.

म्हणजे लीग संपली आणि चॅम्पियन कोण ते कुणालाच माहीत नाही. मडगावचा मित्र त्या रात्री नाचला, पण फोनवर त्याचा आवाज असा की परीक्षेला पास झालाय पण मार्कशीट अजून हातात नाही.

मग एप्रिलमध्येच अपील समितीनं नामधारीच्या बाजूनं निकाल दिला, २-० कायम, चर्चिल चॅम्पियन, गोव्यात ट्रॉफीसुद्धा देऊन झाली. काशी गेली स्वित्झर्लंडला, लोझानच्या क्रीडा लवादाकडे, आणि १८ जुलैला लवादानं सांगितलं की चॅम्पियन इंटर काशी. जानेवारीतल्या सामन्याचा फैसला जुलैत. मधल्या काळात गोव्यात पाऊस सुरू झाला, शाळा सुरू झाल्या, दोन्हीकडचे फॅन आपापल्या चॅम्पियनशिपचा आनंद उपभोगून आणि गमावून मोकळे झाले.

या सगळ्या काळात या दोघांच्या भांडणात जी दोन वाक्यं फिरत होती ती जशीच्या तशी देतो. मामेभाऊ: "दादा, नियम म्हंजे नियम. निलंबित माणूस उतरवलाच कसा?" आणि मित्र: "अरे पण मैदानावर हरलात ना रे? दोन गोल खाल्ले ते काय त्या एकट्यानं मारले?" ही वाक्यं लक्षात ठेवा, पुढे लागतील.

पण त्याआधी शाहू स्टेडियम. कोल्हापूरचा फुटबॉल ज्यांनी बघितलेला नाही त्यांना सांगून उपयोग नाही आणि ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायची गरज नाही, तरी थोडक्यात म्हणजे इथे संघ तालमींचे आणि मंडळांचे आहेत, पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण, बालगोपाल, खंडोबा अशी नावं, आणि फॅन जन्मानं ठरतो. पेठ बदलली तरी संघ बदलत नाही. लग्न होऊन दुसऱ्या पेठेत गेलेली आत्यासुद्धा स्कोअर माहेरचाच विचारते. अशा ठिकाणी खेळाडू कुणाकडून खेळणार हा प्रश्न फक्त कागदावरचा कसा राहील? गेल्या हंगामात आपल्याकडे असलेला पोरगा यंदा समोरच्या जर्सीत दिसला की त्याच्या नोंदणीत काहीतरी खोट असणारच अशी अर्ध्या गॅलरीची खात्री असते.

आमच्या शेजारी गॅलरीत एक काका बसायचे. त्यांच्याकडे एक वही, लांबट, दुकानात उधारीला वापरतात तसली, लाल कापडी पुठ्ठ्याची. तिच्यात सगळ्या संघांचे सगळे खेळाडू आणि प्रत्येकाची कार्डं. पिवळं कार्ड लाल पेनानं लिहायचं आणि लाल कार्ड निळ्यानं, कारण पिवळ्या पेनाचं उन्हात दिसत नाही आणि मग लाल पेन पिवळ्यासाठी गुंतलेलं. नव्या माणसाला ती वही वाचता यायची नाही. पानांच्या मध्ये शेंगांची फोलपटं. सामना चालू असताना काका गोलकडे बघायचे नाहीत इतके कार्डाकडे बघायचे, रेफ्रीचा हात खिशाकडे गेला की ह्यांचा हात पेनाकडे.

एकदा समोरच्या संघाची टीम वॉर्मअपला आली आणि काकांनी वही उघडली, बोटानं एका ओळीवर थांबले, आणि अगदी हळू म्हणाले, "ह्यो आज बसायला पायजे." त्यांचा मिडफिल्डर, भारी खेळायचा पोरगा, वहीप्रमाणे त्या दिवशी बाहेर. मी लहान होतो, मला वाटलं आता हे धावत खाली टेबलापाशी जाणार, सांगणार, तो बसणार, आपलं काम सोपं. मी उठलोच. तर त्यांनी माझी कॉलर धरून खाली बसवलं. "गप. खेळू दे त्याला."

खेळू दे त्याला! मला तेव्हा काही कळलं नाही. तो पोरगा पूर्ण वेळ खेळला, चांगला खेळला, शेवटी आमच्या गॅलरीनंसुद्धा त्याला टाळ्या दिल्या. आम्ही १-० जिंकलो. काकांनी वही मिटली, पिशवीत टाकली, आणि त्या ओळीबद्दल पुन्हा कधी शब्द काढला नाही. हरलो असतो तर ती वही संध्याकाळी कुठल्या टेबलावर उघडली गेली असती हे मला पुढे बऱ्याच वर्षांनी कळायला लागलं.

तर माझं म्हणणं हे आहे, आणि ते दोन्ही बाजूंना आवडणार नाही, की "तो खेळलाच कसा" विचारणाऱ्या फॅनला बहुतेक वेळा तो खेळायला हवाच असतो. अपात्र खेळाडू समोरच्या संघात असणं म्हणजे खिशात ठेवलेलं परतीचं तिकीट. जिंकलात तर फाडून टाका, हरलात तर दाखवा. नियमाबद्दलचं प्रेम जे आहे ना ते स्कोअरबोर्ड बघून जागं होतं.

हे फक्त आपल्याकडचं आहे असं समजू नका. चिली बघा. सप्टेंबर २०१६, वर्ल्ड कपची पात्रता फेरी. बोलिव्हियानं पेरूला २-० हरवलं आणि पाच दिवसांनी सँटियागोला जाऊन चिलीला ०-० असं रोखलं. दोन्ही सामन्यांत नेल्सन काब्रेरा नावाचा बचावपटू उतरला होता, जन्मानं पॅराग्वेचा, बोलिव्हियाचं नागरिकत्व घेतलेला, पण फिफाच्या नियमाप्रमाणे तिथे जितकी वर्षं राहायला हवं होतं तितकी झालेली नव्हती. चिलीनं तक्रार केली. घरच्या मैदानावर बोलिव्हियाला हरवता आलं नाही ही नामुष्की, ती कागदावर धुवून काढायची. फिफानं मान्य केलं, सामना ३-० चिलीचा. एका पॉइंटचे तीन झाले, दोन जास्त. चिलीचे लोक खूश.

पण तोच खेळाडू पेरूविरुद्ध पण खेळला होता ना. मग पेरूलाही ३-०, आणि पेरू तर तो सामना हरला होता, म्हणजे शून्याचे तीन. वर्षभरानंतर, ऑक्टोबर २०१७ ला फेरी संपली तेव्हा पेरू २६, चिली २६, गोलफरकानं पेरू पाचवा आणि चिली सहावा. पाचव्याला प्लेऑफ, सहाव्याला घर. आता ते तक्रारीतले पॉइंट वजा करून बघा, पेरू २३ आणि चिली २४. तक्रार केलीच नसती तर प्लेऑफला चिली गेली असती! पेरू न्यूझीलंडला हरवून ३६ वर्षांनी वर्ल्ड कपला गेलं आणि दक्षिण अमेरिकेचे सलग दोनदा चॅम्पियन असलेले चिलीवाले टीव्हीवर बघत बसले. लिमाच्या लोकांना चिलीचे आभार कसे मानावेत कळेना. या दोन देशांचं जुनं वैर आहे, एकोणिसाव्या शतकातल्या युद्धापासूनचं, त्यामुळे हा जोक तिथे किती चालला असेल याची कल्पना करा.

आता शहाणा माणूस यातून म्हणेल की बास, नको ती वही. पण पुढच्याच वर्ल्ड कपच्या वेळी, मे २०२२, चिली परत फिफाच्या दारात. या वेळी इक्वेडोरचा बायरन कास्तियो. चिलीचं म्हणणं, हा इक्वेडोरचा नाहीच, हा कोलंबियात तुमाकोला जन्मला, १९९५ साली, आणि कागदावर १९९८ आणि इक्वेडोरचं गाव लिहिलंय ते खोटं. तो आठ पात्रता सामने खेळला होता. त्या सगळ्यांत इक्वेडोर हरलं असं धरलं तर सातव्या नंबरवरची चिली उडी मारून थेट चौथी, थेट कतारच्या वर्ल्ड कपला. आणि तक्रार आली कधी? मार्चमध्ये फेरी संपल्यावर. काकांची वही आठवली मला तेव्हा.

पण इथे मी थोडा अडतो, कारण चिलीचं सगळंच म्हणणं खोटं नव्हतं. फिफानं दोनदा फेटाळलं, मग प्रकरण लोझानला गेलं आणि नोव्हेंबरमध्ये, वर्ल्ड कप सुरू व्हायला दोन आठवडे सुद्धा नव्हते, लवादानं असा निकाल दिला की वाचून दोन्हीकडच्या फॅनना चक्कर यावी. कास्तियो इक्वेडोरकडून खेळायला पात्र, कारण त्याला नागरिक मानायचं की नाही हे इक्वेडोरनं ठरवायचं आणि तिथल्या कोर्टानं ते मानलेलं आहे. पण पासपोर्टवरची जन्मतारीख आणि जन्मगाव खोटं, आणि त्याबद्दल फेडरेशनला एक लाख स्विस फ्रँकचा दंड आणि पुढच्या वर्ल्ड कपच्या पात्रता फेरीत तीन पॉइंट कापणार. खेळाडू खरा, कागद खोटा. दोघंही बरोबर होते आणि कुणालाच हवं ते मिळालं नाही. इक्वेडोर कतारला गेलंच, फक्त कास्तियोला न घेता. पात्र ठरलेला तो, सुनावणीत सहा महिने नाव त्याचं, आणि विमानात जागा त्यालाच नाही. फेडरेशननं धोका नको म्हणून सोडलं असणार, मला तरी तसंच दिसतं.

कास्तियोचं वाईट वाटतं ते मला खरंच वाटतं. लहानपणी कुणी कुठल्या कचेरीत काय लिहून घेतलं हे पोरानं ठरवलेलं नसतं. आणि आपल्याकडे तर हे सांगायलाच नको, शाळेत घालताना जूनमध्ये बसावा म्हणून मास्तरांनी दिलेल्या जन्मतारखेवर अख्खी पिढी रिटायर झाली. माझ्या वडिलांची पिढी बघा, निम्म्यांचा वाढदिवस एक जून. त्यातला कुणी फॉरवर्ड असता तर?

(आणि पुढचं पण सांगून टाकतो. २०२६ च्या पात्रता फेरीत इक्वेडोर वजा तीनवरून सुरू झालं आणि तरी दुसऱ्या नंबरावर आलं. चिली शेवटून पहिली.)

पिवळ्या कार्डांचं प्रकरण त्या मानानं स्वच्छ असतं, त्यात जन्म नाही, गाव नाही, नुसती बेरीज. तरी ती चुकते. दक्षिण आफ्रिकेचा टेबोहो मोकोएना, वर्ल्ड कपच्या पात्रता फेरीत नोव्हेंबर २०२३ ला बेनिनविरुद्ध एक कार्ड, जून २०२४ ला झिंबाब्वेविरुद्ध दुसरं, मध्ये सात महिने, आणि मार्च २०२५ ला लेसोथोविरुद्ध त्याला बसवायचं असतं हे अख्ख्या संघ-व्यवस्थापनात कुणाला आठवलं नाही. २-० जिंकलेला सामना फिफानं सप्टेंबरमध्ये ०-३ केला. त्याच गटातल्या नायजेरियाच्या फॅनना अचानक लेसोथोबद्दल केवढं प्रेम वाटायला लागलं म्हणून सांगू. शेवटी दक्षिण आफ्रिका १८ पॉइंटवर पहिली आलीच आणि नायजेरिया १७ वर राहिली, त्यामुळे ते भांडण तिथेच विझलं. पगारी माणसं, लॅपटॉप, ॲनालिस्ट, सगळं असताना दोन कार्डांची बेरीज चुकते आणि इकडे शेंगा खाणाऱ्या काकांची कधी चुकत नाही. पण काकांना ते काम दिलं तर ते पहिल्याच आठवड्यात सोडून देतील, कारण स्वतःच्या संघाची कार्डं मोजण्यात त्यांना काय मजा?

असो. तर परत आपली आय-लीग, कारण खरी मजा तिथे राहिली. वरती मी फक्त अर्धी गोष्ट सांगितली. त्याच हंगामात दुसरं एक प्रकरण उलट्या दिशेनं चालू होतं. इंटर काशीचा स्पॅनिश स्ट्रायकर मारियो बार्को. हा हंगामाच्या मध्ये दुखापतीमुळे यादीतून बाहेर गेला, त्याच्या जागी दुसरा परदेशी खेळाडू आला, आणि नंतर काशीनं बार्कोची परत नोंदणी करून त्याला खेळवलं. एकदा काढलेला परदेशी खेळाडू असा परत घेता येतो का? चर्चिल, नामधारी आणि रियल काश्मीर म्हणाले, नाही येत. फेडरेशनच्या अपील समितीनं पण म्हटलं, नाही येत. काशी लोझानला गेली आणि जूनमध्ये लवाद म्हणाला, येतो.

आता आमची दोन माणसं ऐका. मित्र: "नियम म्हणजे नियम रे, अपात्र माणूस खेळवलाच कसा?" मामेभाऊ: "दादा, पण मैदानावर जिंकलोय ना आम्ही? गोल काय कागदानं मारले व्हय?"

शब्दन् शब्द तोच! नुसती तोंडं बदलली. आणि दोघांपैकी एकालाही यात काही विचित्र वाटलं नाही. मी लक्षात आणून दिलं तर मित्र म्हणाला ते वेगळं प्रकरण, आणि मामेभाऊ म्हणाला ते वेगळं प्रकरण, वर्षभरात या एकाच गोष्टीवर दोघांचं एकमत झालं.

माझं स्वतःचं मत विचाराल तर डेच्या बाबतीत काशी बरोबर होती. निलंबित म्हणजे निलंबित, तो चांगला खेळला का वाईट याचा संबंध नाही, दोन गोल कुणी मारले याचा तर नाहीच, नाहीतर उद्या कुणीही कुणालाही उतरवेल आणि म्हणेल बघा की, काही फरक पडला नाही. पण चर्चिलवाल्यांचा राग मला त्याहून जास्त समजतो. त्यांनी तर काहीच केलं नव्हतं. त्यांचा खेळाडू नव्हता, त्यांचा सामना नव्हता, दुसऱ्या दोन संघांच्या मधल्या कार्डाच्या हिशेबात यांची लीग गेली. श्रीनगरला शेवटच्या मिनिटापर्यंत जी धडपड केली ती नक्की कशासाठी करत होतो हेच त्यांना माहीत नव्हतं, बरोबरी पुरते की जिंकायलाच पाहिजे? हे तेव्हा कुणी सांगू शकत नव्हतं, आणि हा दोष ना फॅनचा ना खेळाडूचा. टीमची यादी सामन्याच्या आधी सगळ्यांच्या हातात असते. कार्डांचा हिशेब आयोजकांकडे असतो. कास्तियोचा जन्मदाखला तासाभरात सापडत नाही हे मान्य, पण पिवळी कार्डं? निलंबित खेळाडू मैदानात पाय ठेवण्याआधीच थांबवता येत असेल आणि तरी तो नव्वद मिनिटं खेळून, घरी जाऊन, सहा महिन्यांनी परदेशातून निकाल येत असेल, तर लोक वह्या खिशात ठेवणारच. त्यांना दुसरं कुणी शिकवलेलं नाही.

परवा मित्र कोल्हापूरला आला होता, मिरजकर तिकटीला आम्ही तिघं बसलो आणि अर्थातच विषय निघाला. तो अजून चाळीस म्हणतो, बेचाळीस आकडा तोंडातून काढत नाही. मी म्हटलं, खरं सांग, समजा त्या हंगामात तुमचाच कुणी निलंबित खेळाडू चुकून उतरला असता आणि तुम्ही जिंकला असतात, तर पॉइंट परत दिले असतेस?

"कुणाला कळलं असतं रे?" तो म्हणाला.

"मला," मामेभाऊ म्हणाला, आणि मिसळीत पाव बुडवला.